शून्य न दिलेले पाच शब्द

माझ्याकडे एक लांबट वही आहे. डाव्या पानावर बाबांचे शब्द, उजव्या पानावर माझे. बाबा अकोल्याला एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, तार ऑफिसातून निवृत्त. मी अमरावतीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेचं भांडार सांभाळते, म्हणजे दिवसभर याद्याच करते. आई गेल्यावर रोज फोनवर ‘जेवले का, झोपले का’ एवढंच बोलायचा दोघांनाही कंटाळा आला, तेव्हा बाबांनीच हा खेळ काढला.

सकाळी सातला बाबा इंग्रजीतली कुठलीही दोन अक्षरं ठरवायचे आणि ती दोन्ही ज्यांत येतात असे तीन-चार अक्षरांचे पाच शब्द अर्थासह मेसेज करायचे. संध्याकाळपर्यंत मी त्याच अक्षरांचे दुसरे पाच पाठवायचे. मग एकमेकांना गुण. वापरलेला शब्द तीन महिने बाद, आणि चुकून परत आलाच तर पाचही शब्दांना मिळून शून्य. हा शेवटचा नियम माझा. तीन वर्षांत मी त्यात कुणालाच सूट दिली नव्हती. एकदा मला ताप होता, तेव्हा स्वतःलाही नाही.

बाबांचे अर्थ शब्दकोशातले नसायचे. जी आणि एन या अक्षरांना त्यांनी लिहिलं होतं : ‘रंग’ म्हणजे शिडीची पायरी, ‘बंग’ म्हणजे पिपाचं बूच, आणि ‘नॅग’ म्हणजे टुमनं लावनं, उदाहरन तू.

एका गुरुवारी ए आणि डब्ल्यू आले. ‘जॉ’ जबडा, ‘पॉ’ पंजा, ‘ऑल’ जोडे शिवाची आरी, ‘वॅन’ फिका पडलेला. शेवटी ‘वॅग’ : शेपूट हलवनं, जसा तुया नवरा सायबापुढं. मी भांडारात एकटीच मोठ्यानं हसले. नवऱ्याला मात्र ते दाखवलं नाही.

बारा दिवसांनी, मंगळवारी, तोच मेसेज आला. तेच पाच शब्द, त्याच क्रमानं, शेवटी तेच शेपूट. मी वही उघडून लाल पेन काढलं आणि हात थांबला. एखादा शब्द परत येणं समजण्यासारखं होतं. पण बाबांनी टोमणासुद्धा नवा सुचल्यासारखा पाठवला होता. गॅस, रात्रीची कडी, रक्तदाबाची गोळी हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मी ‘पाचपैकी पाच’ लिहून पाठवलं.

त्यानंतर सात वाजायची मला भीती वाटू लागली. मेसेज सात-दहाला आला तर त्या दहा मिनिटांत दूध उतू गेलं तरी कळत नसे. आला की आधी मागची पानं तपासायची, मग वाचायचं. तीन दिवस सगळं ठीक होतं. शनिवारी जबडा, पंजा, आरी, फिका, शेपूट पुन्हा आले. मी पुन्हा पाचपैकी पाच दिले आणि रविवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडली.

गाडीत यादी केली : गॅस, शेजाऱ्यांकडे किल्ली, औषधांचा डबा, डॉक्टर, बाबांना अमरावतीला आणणे. शेवटच्या कामाला ते तयार होणार नाहीत हे माहीत होतं. मूर्तिजापूर गेल्यावर पाहिलं तर ‘गॅस’ मी दोनदा लिहिला होता. एक खोडला आणि सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून तपासली.

बाबांनी दार उघडलं. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा.

“आज कशी काय आली वं माय? फोन नाई, काई नाई.”

“सहज आली.”

“सहज येनारी नाई तू. तुयं तं सहजचंबी टाइमटेबल रायते.”

हायसं वाटलं. चहा करते म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. गॅसचं बटण नीट बंद होतं, ओटा कोरडा होता. साखर घ्यायला कपाट उघडलं तर आत मिठाचे चार पुडे एकावर एक ठेवलेले. एकही फोडलेला नव्हता.

“बाबा, एवढं मीठ कायले आनलं?”

मी चहा घेऊन आले तेव्हा ते हात मांडीवर ठेवून बसले होते.

“वही आनली काय?”

“कोनती वही?”

“येडी नोको बनू. थैलीत असंन, काढ.”

मी काढली. त्यांनी ती घेतली नाही.

“मंगळवारी मेसेज धाडला, आन मंग वर सरकवून पाह्यलं तं तेच पाच शब्द. तोच तुया नवरा, तेच शेपूट. म्हटलं, आता पोरगी शून्य देते अन दोन गोष्टी ऐकवते. मी वाट पाहून राहिलो. तं तुये आले पाचपैकी पाच.” त्यांनी कपाकडे पाहिलं. “तवा भेव लागलं मले. शब्दाचं नाई, तुया पाचाचं. म्हटलं, हिच्या ध्यानात आलं. आन इतलं मोठं हाय का हिनं सांगतलंबी नाई.”

“आन शनिवारी?”

“ते मुद्दाम धाडलं. म्हटलं, पाहू, अजून खोटे मार्क देते काय. देले तुनं.”

त्यांना घाबरवायचं नाही म्हणून मी पाच दिले होते, आणि मंगळवारपासून ते त्या पाचांनाच घाबरून एकटे या खोलीत बसले होते.

“काट मार,” बाबा म्हणाले.

मी मंगळवारचे शब्द लाल पेनानं खोडले आणि समोर शून्य लिहिलं.

“शनिवारले दोन शून्य मार. ते तं जानूनबुजून होतं.”

मी दोन मारले. त्यांनी मान पुढे करून ते नीट पाहिले, मगच चहा घेतला.

“आता डॉक्टरले काय सांगाचं ते लिव. मी सांगतो. एक, तेच शब्द दुसऱ्या खेपेले धाडले. दोन, मीठ. दुकानात गेलो का वाटते घरचं सरलं.” ते थांबले. मी तीन आकडा घालून पेन धरून बसले. “तिसरं काय सांगून राहिलो होतो वं मी?”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते.

काहीतरी बरं लिहून टाकावं असं फार वाटलं. मी तीनपुढे लिहिलं : ‘बोलता बोलता तिसरं आठवलं नाही.’ आणि वही त्यांच्या हातात वाचायला दिली.