बोटांतला नंबर

काल लेकीनं नव्या घराच्या दाराला बटणांचं कुलूप बसवलं आणि त्याचा टिकटिक आवाज ऐकून मला खराडीचं ते घर आठवलं. तिथं मी स्वयंपाक करून मॅडमचं बाळ सांभाळायचे. एकदा बाळाला झोपवून कचरा ठेवायला बाहेर आले, तर वाऱ्यानं दार लागलं. आत बाळ रडायला लागलं आणि बटणांसमोर माझं बोट थिजलं. मॅडम फोन उचलेनात. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मावशी, नंबर सांगा, मी दाबते." मला सांगता येईना. "दोन वर्षं दार उघडताय अन् नंबर माहीत नाही? कमाल आहे!" चौथीपर्यंतचे पाढे मला अजून पाठ आहेत, पण तो नंबर तोंडात कधी नव्हताच, बोटांत होता. शेवटी रोज दुधाची पिशवी धरायचे तशी कचऱ्याची बादली डाव्या हातात धरली, नजर दुसरीकडे वळवली, बोटांनी आपसूक नंबर दाबला आणि कुलूप उघडलं. बाळ रडून लालबुंद झालं होतं. संध्याकाळी शेजारणीकडून सगळं कळल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका." काल लेकीनं तिचा नंबर दोनदा सांगूनही माझ्या बोटांनी तो जुनाच दाबला. दार उघडलं नाही. आत कोणी नव्हतं, तरी मी दाराला कान लावून उभी राहिले.