चारीवर न्यायचा लॅपटॉप

त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. बारामतीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी आम्हा शेतकऱ्यांचं पाणी मागणारं पत्रक टाइप करून घ्यायला गेलो होतो, तेव्हा त्या पुण्याहून मागवलेल्या दोन लॅपटॉपमधला एक निवडत होत्या. लासुर्ण्याकडच्या कालव्याच्या चारीचा, म्हणजे शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या फाट्याचा, नवा नकाशा त्यांना काढायचा होता, तोही चारीवर उभं राहून, शेतकऱ्यांसमोर. आधीचा नकाशा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत बसून काढलेला. त्यात शेवटची शेतंच नव्हती!

दुकानदारानं पातळ, चकचकीत लॅपटॉप पुढं केला. "मॅडम, ह्यावर चालतंय की. साहेब लोक ह्योच नेत्यात."

"साहेब पत्रं लिहीत असत्याल."

बाईंनी पिशवीतून फ्लॉप्या काढल्या, नकाशाचं सॉफ्टवेअर चढवायला लावलं आणि जुन्या नकाशातली अख्खी चारी पडद्यावर उघडली. वायरही उपटली, कारण चारीवर कुठली वीज? चार रेघा उमटल्या आणि पडदा गोठला.

"थोडं थांबायचं, मॅडम. चालतंय."

"चालतंय, का मी चालवून घ्यायचं?"

दुकानदार हसत दुसरा लॅपटॉप काढायला वळला. मी मात्र तापलो. अर्धं पाणी चालवून घ्या, खोटा नकाशा चालवून घ्या, हेच तर आम्हाला शिकवलंय!

दुसरा लॅपटॉप विटेसारखा जाडजूड होता. त्यावर तोच नकाशा शेवटच्या रेघेपर्यंत सरसर उघडला.

"लई जड हाय, मॅडम. खांदा दुखंल."

"दुखू द्या. एकदा शेत नकाशात आलं, की पाणी न्हाय म्हणायला कुणाला जागा न्हाय. बांधा ह्योच."