कोपऱ्यातली खुर्ची

सिंगापूरच्या एका संग्रहालयात जुन्या बंदरावरची खानावळ उभारली आहे. जेवायलाही मिळतं. तिथे मालकाचं सोंग घेतलेला म्हातारा चिनी सोंगातून कधी बाहेरच येत नाही. प्रत्येकाला विचारतो, "तुमची बोट कधी आहे?"

पुण्याहून माझ्याकडे आलेले बाबा म्हणाले, "वेळ आहे अजून." एसटीत धरतात तशी त्यांनी रुमाल टाकून कोपऱ्यातली खुर्ची धरली होती. निघताना रुमाल तिथेच विसरले.

पुढे कधीही गेलो तरी रुमाल खुर्चीवरच. म्हातारा कुणाला बसू देत नसे. "जागा धरलीय, लाह," तो तिथल्या ढंगात म्हणे.

गेल्या महिन्यात बाबा पुण्यात वारले. काल गेलो, तर खुर्चीवर रुमाल नव्हता. मी काही बोलायच्या आत म्हातारा त्या खुर्चीपुढचा उष्टा कप उचलत म्हणाला, "घेऊन गेले. त्यांची बोट आली."

मग नेहमीसारखंच विचारलं, "तुमची कधी आहे?"