सरूबाईचा कडू घास

सरूबाई दुःखाच्या घरी गेली की रडायची नाही. आमच्या केदारखेड्यात कोणी वारलं की त्या घरची चूल पेटत नाही; शेजारीपाजारी भाकरी घेऊन जातात. त्याला कडू घास म्हणतात. बाकीच्या बाया दारातूनच गळा काढत. सरूबाई भाकरी ठेवायची, भिंतीला टेकायची आणि स्वतःच्याच घरचं सांगायला लागायची. दुसऱ्याच्या मयतीत हिचं रडगाणं, असं बाया म्हणत. मीही म्हणायचे.

मग माझा एकुलता एक लेक दत्ता भोकरदनच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून वारला. सून कांता माहेरी होती, तिला आणायला निघाला होता. तिनेच फोन करून बोलावलं होतं. एवढंच माझ्या डोक्यात बसलं. कांता आली, पण मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ती एका खोलीत, मी दुसऱ्या. नात दोन्हीकडे फिरायची. तेरावं झालं की कांताचा भाऊ दोघींना कायमचं घेऊन जाणार होता. मी अडवणार नव्हते.

सरूबाई आली. कांताला हाताला धरून माझ्यासमोर आणून बसवलं आणि एकाच ताटात पिठलं-भाकरी वाढली. मी म्हणाले, मला भूक नाही.

"नको खाऊ. नुसतं ऐक."

तेच जुनं. तिचा लेक शेतातली मोटार चालू करायला गेला आणि करंट लागून मेला. घरात पाणी नाही म्हणून सुनेनेच पाठवला होता. सरूबाईने सुनेला शिवी दिली नाही, फक्त बोलणं टाकलं. भाऊ न्यायला आला तेव्हा सून लेकराला कडेवर घेऊन दारात थांबली, सासू काही बोलते का म्हणून.

"मी डाळ निवडून राह्यले होते. मान वर केली न्हाई. मंग गेली ती. आता नातू रस्त्यात आडवा आला तरी वळखायची न्हाई मी."

कांता भाकरीकडे बघत होती. हळूच म्हणाली, "पोरगी तापानं फणफणली होती, म्हणून फोन केल्ता. मला कोणी इचारलंच न्हाई."

मी तिला जवळबिवळ घेतलं नाही. दत्ता सकाळी चहा अर्धा टाकून गेला, तेवढं सांगितलं. मग तिने काही सांगितलं, मग मी. भाऊ आला तो एकटाच परत गेला.

पुढे मी सरूबाईला विचारलं, हे सुनेला जाऊन का सांगत नाहीस? ती म्हणाली, "लोकायच्या दुःखात माझं बोलणं बराबर खपतं. तिच्या दारात काय घेऊन जाऊ?" मी फार ताणलं नाही.

गेल्या थंडीत सरूबाई झोपेतच गेली. कांताने कुठून तरी त्या सुनेचा नंबर काढून फोन केला. ती बदनापूरहून आली तेव्हा सगळं उरकलं होतं. सोबत मिसरूड फुटलेला पोरगा. बाई बसली नाही, पाणी घेतलं नाही. कांताला एवढंच विचारलं, "माझं नाव तरी काढायच्या का कधी?"

"अख्ख्या गावाला सांगितलं त्यायनी," कांता म्हणाली. "तुम्हाला सोडून."

त्या बाईने पदर सारखा केला. पोराला म्हणाली, चल, गाडी निघून जाईल.