फोटोवाल्याची सतरा गाठोडी

खालची खोली सोडताना फोटोवाला म्हणाला होता, "काकू, सामान आठ दिवसांत नेतो." त्याला आठ महिने झाले. त्याचे दिवे, स्टँड, खोकी आणि तळं रंगवलेला भलामोठा पडदा खोलीत ऐसपैस नांदत होते. भटाला दिली ओसरी, दुसरं काय!

आई इतके दिवस गप्प होती. पण एकट्या राहणाऱ्या मावशीचं मांडीचं हाड मोडलं. जिना अजिबात चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सोमवारी तिला दवाखान्यातून सोडणार होते आणि आमच्याकडे जिन्याविना खोली ती एकच.

"दे फेकून रस्त्यावर!" मी म्हणाले. मी तापट आहे, आईवर गेलेले नाही.

"माझ्या घरात परक्याची चिंधीसुद्धा हरवत नाही," आई म्हणाली.

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवताना तिने प्रत्येक कपड्याला नावाची आणि न्यायच्या तारखेची चिठ्ठी टाचली होती. तीच रीत तिने इथे लावली. फोटोवाल्याला पत्र टाकलं, फोनही केला: रविवार शेवटचा. मग शेजारच्या मास्तरांना साक्षीला बसवून जुन्या चादरींत सगळं बांधलं. प्रत्येक गाठोड्यावर चिठ्ठी: नाव, आत काय आहे, रविवारची तारीख. पडद्याची कड उंदरांनी कुरतडली होती, तीही तिने दुमडून शिवली. माझा नुसता जळफळाट.

रविवारी दुपारी फोटोवाला हात हलवत आला. "काकू, अजून पंधरा दिवस राहू द्या ना. एवढं ठेवू कुठे?"

"ते तुम्ही बघा. खोली आज रिकामी हवी."

"जरा माणुसकी..."

"आठ महिने तीच केली. आता माझ्या बहिणीची पाळी."

तो चिठ्ठ्या वाचत सतरा गाठोड्यांभोवती फिरला. पडद्याच्या शिवलेल्या कडेवरून त्याने बोट फिरवलं. संध्याकाळच्या आत टेम्पो आणला. शेवटचं गाठोडं आईने स्वतः उचलून दिलं.

सोमवारी मावशी वॉकर टेकत आली आणि पलंगावर टेकली. तिच्या दोन पिशव्या मी कोपऱ्यात ठेवल्या. त्यांच्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "ताई, आता माझं सामान पडलं तुझ्या घरात. कधीपर्यंत ठेवून घेशील?"

आई उशीला अभ्रा चढवत होती.

"चिठ्ठी टाचलीय का त्याला?"

"नाही गं."

"मग तारीख कसली विचारतेस? पाय वर घे."