डांबरावरचं खळं

वाटणीत खळं दादाच्या तुकड्यात गेलं, हे मी आजवर विसरलो नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही. बाप गेल्यावर गावातले चार जण बसले आणि वावराचे दोन तुकडे पाडले. उंचावरचा, निचऱ्याचा, खळ्याचा तुकडा दादाला. जाम गावाच्या अंगाचा, हायवेला चिकटलेला, पाणी साचणारा खोलगट तुकडा मला. "तू धाकटा, तुये हातपाय चालतात," असं एकाने समजावलं. हातपाय चालतात म्हणून माणसाला चिखल द्यायचा, हा कुठला न्याय, हे मी तिथेच विचारलं. खळं दोघांनी वापरायचं, पण आधी थोरल्याची मळणी आणि मग धाकट्याची, एवढं मात्र ठरवून टाकलं.

उठता उठता मी सगळ्यांसमोर बोललो, "दादा, तुया घरी दाना मागाले मी येनार नाई. आलो तर जोड्यानं मारजो." वहिनी दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. हसली की रडली ते कळलं नाही.

बोलायला सोपं असतं. त्यापुढे मी पाच हंगाम जामच्या चौरस्त्यावर संत्री विकली, ट्रकवाल्यांशी घासाघीस करून बैलजोडी उभी केली आणि त्या खोलगट तुकड्यात ज्वारी पिकवून दाखवली. ज्या वर्षाबद्दल सांगतो आहे, त्या वर्षी मी पहिल्यांदा हायब्रीड पेरली होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि सगळीकडे हायब्रीडचंच बोलणं होतं. कणीस मोठं, दाणा भरगच्च. तिची खोड एकच. आमची देशी ज्वारी पाऊस निघून गेल्यावर पिकते, ही आधीच पिकून उभी राहते. आणि त्या वर्षी पाऊस निघून जायला तयारच नव्हता. दसरा भिजला, कोजागिरी भिजली. पिकलेल्या दाण्याला पाणी लागलं की आधी गुलाबी झाक येते, मग काळी बुरशी, आणि ऊन मिळालं नाही तर कणसातच कोंब फुटतात. दादाचीही हायब्रीडच होती.

डोक्यावर पोत्याच्या खोळी घेऊन बायांनी सरीसरीच्या मधे ज्वारी कापली, कणसं खुडली. मी ताडपत्रीखाली गंजी लावली. तिसऱ्या दिवशी गंजीत कोपरापर्यंत हात घातला तर आतून गरम. माल तापायला लागला होता. वर्षाची भाकरी त्या ताडपत्रीखाली होती, आणि ती गेली तर दादाच्या दारात उभं राहायचं नाहीतर तोंड लपवून बाजारातून दाणे आणायचे. मी तडक दादाकडे गेलो.

खळं ओलंच होतं, पण रिकामं. मी म्हटलं, "कुटार-भुसा टाकून मी अर्धं खळं वाळवतो. तेवढ्यात माही मळणी होऊ दे."

"आधी माही. मंग तुही."

"तुही तर सुरूच नाई झाली!"

"मंग थांब."

"दादा, माहा माल गरम होऊन राह्यला."

"माहा काय थंड हाय?"

मी तिथल्या मेढीला, म्हणजे बैल ज्याभोवती फिरतात त्या खांबाला, लाथ मारून निघालो. खळ्यावर असं करू नये हे मला माहीत होतं. म्हणूनच मारली.

हायवेने परत येताना उघडीप होऊन अर्धा तासही झाला नव्हता, तरी डांबर कोरडं झालेलं दिसलं. वावरात पाय घोट्यापर्यंत रुततो आणि इथे धूळ उडते आहे. पुढे कोणाच्या तरी बैलबंडीतून पडलेली दोन-तीन कणसं होती. त्यांच्यावरून चाकं गेली होती. मी खाली बसलो. रिकामी बोंडं एका बाजूला आणि दाणे एका बाजूला, कोणी बडवून ठेवावेत तसे.

घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "रस्त्यावर? लोकं थुकतात तिथं."

"झाडून, धुऊन घेऊ."

"अन् देव?"

"देवाले भाकर पायजे का नाई?"

दुसऱ्या सकाळी ऊन पडलं. आम्ही अर्धा रस्ता झाडला, धुतला, वाळू दिला. मजूर बायांची एक म्हातारी मुकादमीण होती, तिने चपला धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, काढल्या. खळ्यावर चपला चालत नाहीत. मग ती मैलाच्या दगडाला हळदकुंकू लावायला बसली. मी ओरडलो, "म्हातारे, ऊन चाललं!"

"वरडू नको जी भाऊ. मेढ नाई, तं याच्या पाया पड."

पडलो. काय करता.

पहिली चूक माझीच. खळ्यावर पसरतो तशी कणसं मी पातळ पसरली, आणि पहिलाच आला तो सिमेंटने भरलेला ट्रक. कणसांखालून पांढरा भुगा उडाला. मी मागे धावत शिव्या दिल्या. ड्रायव्हरने मुंडकं बाहेर काढलं, "भाईसाब, पीस के भी दे दिया, और क्या चाहिए?"

मग समजलं. थर वीतभर जाड हवा आणि गाडी रिकामी हवी. मी काठीला लाल लुगड्याची चिंधी बांधून उभा राहिलो. भरलेली गाडी पलीकडून काढायची, रिकामी कणसांवरून. बरेच ड्रायव्हर चौरस्त्यावरचे ओळखीचे होते. एका फेरीला दोन संत्री. एक म्हणाला, "रिवर्स भी मारूँगा, पर चार लूँगा." मी तीनवर आणला आणि तीनदा मागेपुढे करवलं. एस.टी.चा ड्रायव्हर काही न घेता वरून गेला, आतली पोरं खिडकीतून टाळ्या वाजवत होती.

दुपारी मुकादमीण मधोमध उभी राहिली. मजुरी ज्वारीतच द्यायची पद्धत होती. ती म्हणाली, "रस्त्याचे दाने आमी नाई घेनार. खडे हायेत. आमचा वाटा गंजीतल्या कनसांतून दे."

"गंजीतली कणसं भिजतील, सडतील!"

"ते आमी पाहू. अन् खडे निवडाचं काम वाढलं, तं टोपलीमागं दोन वंजळी जास्त."

मी भांडलो, टोपली आपटली, सगळ्यांना घरी जा म्हणालो. बाया धुऱ्यावर बसल्या आणि शेंगदाणे खायला लागल्या. आभाळाकडे पाहून मी एका ओंजळीवर आलो. ती आभाळाकडे पाहून दोनवरच राहिली. दोन दिल्या.

तेवढ्यात दादा आला. पोरं-बाळं, जाणारे-येणारे, सगळ्यांसमोर म्हणाला, "अन्नावर टायर फिरवून राह्यला तू. लाज वाटते का?"

"चिखलात कुजवून राह्यला त्याले वाटू दे."

"हे खाईन कोन?"

"मी खाईन. तुले कोनं बलावलं जेवाले?"

तो पाय आपटत गेला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

उन्हं कलली, दक्षिणेकडून ढग चढायला लागले. आम्ही दाणे उपणून पोत्यात भरत होतो तोच चिखलाने माखलेल्या पायांनी वहिनी आली, डोक्यावर कणसांची टोपली. पांदणीच्या वाटेत बंडी फसत होती म्हणून डोक्यावरून आणली होती. पुढच्या कणसांना कोंबांचे पांढरे ठिपके दिसत होते.

मी म्हटलं, "वहिनी, दादाले पाठव. त्यानं एक शब्द बोलावं, मंग टाक."

"ते नाई येनार."

"मंग नाई."

"मी तुले मागून नाई राह्यली," ती म्हणाली. "रस्ता सरकारचा हाय." आणि माझ्या कणसांशेजारी तिने टोपली पालथी केली.

आयुष्यभर मी भाव केले. याला काय भाव सांगावा ते सुचेना. जामकडून एक रिकामा ट्रक येत होता. मी काठी वर केली आणि त्याला दोन्ही ढिगांवरून जायला लावलं. संत्री माझीच गेली. वहिनीने तीन खेपा केल्या, चौथीला पावसाने गाठलं. तोवर आमचे दाणे घरात होते आणि तिचेही. दादाच्या खळ्याशेजारच्या गंजीत जे राहिलं, ते चार दिवसांनी हिरवं झालं.

दादा आजही चारचौघांत सांगतो की त्या पावसातही त्याने खळ्यावर ज्वारी वाचवली. मी समोर असलो तर तिथेच तोंडावर सांगतो, "खळ्यावर नाई, डांबरावर." तो विषय बदलतो. लोक मला म्हणतात, इतकी वर्षं झाली, जाऊ द्या. का जाऊ द्यायचं? ती वाटणी मला तेव्हा मान्य नव्हती, आताही नाही. त्या वर्षभर आमच्या भाकरीत कधी कधी बारीक खडा लागायचा. मी तो थुंकायचो आणि पुढचा घास घ्यायचो.