शिवेबाहेरची फांदी

कशावरही सहज विश्वास ठेवू नये, हे मला शिकवले गेले आहे आणि ते माझ्या स्वभावातही आहे. त्या दिवशी तर श्रद्धा-अश्रद्धेचा विचार करायलाही सवड नव्हती. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील गावांतून हिवतापाच्या रुग्णांचे रक्तनमुने गोळा करून मी अहेरीकडे परतत होते. औषधाला दाद न देणारा जंतू या जंगलात पसरतो आहे काय, हा माझ्या संशोधनाचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मागच्या सीटवरच्या बर्फाच्या पेटीत होते. बर्फ संध्याकाळपर्यंतच टिकणार होता. नमुने बिघडले तर सारा हंगाम वाया जाणार होता, आणि ज्या शिष्यवृत्तीसाठी मी तीन वर्षे धडपडत होते तीही हातून निसटणार होती.

गाडी रफिकभाऊ चालवत होते. ते अहेरीचेच, पंधरा वर्षे याच रस्त्यांवरचे. भर दुपारी एका वळणाअलीकडे त्यांनी गाडी थांबवली. रस्त्यावर ऐनाची हिरवी फांदी आडवी ठेवलेली होती आणि तिच्यामागे तापलेल्या डांबरावर एक वृद्ध माडिया बाई बसली होती. ही खूण मला ठाऊक होती. पंडुमाच्या दिवसांत, म्हणजे गावाच्या सणात, पूजा पुरी होईपर्यंत बाहेरच्याने शिवेच्या आत यायचे नसते. त्यासाठी शिवेवर अशी फांदी टाकतात. मी चिडले. पूजा गावाची, रस्ता सर्वांचा, असे मनाशी म्हणत खाली उतरले आणि फांदी उचलून कडेला ठेवली.

बाई उठली. तिने फांदी आणून पुन्हा तिथेच ठेवली आणि बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. मी पुन्हा फांदी हलवली, तिने पुन्हा आणली. तिसऱ्यांदा मी वाकले तेव्हा तिने माझे मनगट धरले. त्या उन्हात तिचा हात गार होता. मी रफिकभाऊंना गाडी पुढे घ्यायला सांगितले.

ते स्टिअरिंगवरचे हात न हलवता म्हणाले, “गाडी नाई निंगत, मॅडम.”

“बिघडली का?”

“नाई निंगत म्हनलं ना. बसा तुमी.”

मी बसले. तेव्हा कुठे आजूबाजूची शांतता माझ्या लक्षात आली. पंडुमाचे गाव जवळ असेल तर ढोल ऐकू यायला हवा होता. तो येत नव्हता. एकही पाखरू बोलत नव्हते. एरवी कान किटवणारे किडेही गप्प होते. निरीक्षण म्हणून मी हे सारे टिपले, पण त्याचा अर्थ लावला नाही. माझे लक्ष वितळणाऱ्या बर्फाकडे होते. बाईचे ओठ हलत होते, आवाज मात्र निघत नव्हता. अशी चाळीस मिनिटे गेली.

मग पायाखालची जमीन हलली. पेटीतल्या काचेच्या नळ्या एकमेकींवर किणकिणल्या आणि त्यानंतर आवाज आला. वळणापलीकडच्या झाडांवर धूर चढू लागला. आमच्या डोक्यावरून वाळलेली पाने कितीतरी वेळ झडत राहिली. बाईने पदर तोंडावर ओढला. मग ती उठली आणि धुराच्या दिशेने झाडांत चालत गेली. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही.

जंगलातल्या बंदूकवाल्यांनी रस्त्याखाली सुरुंग पेरला होता. पोलिसांच्या गाडीसाठी असावा, असे नंतर लोक बोलले. पलीकडून खडी घेऊन येणारा ट्रॅक्टर त्यावर आला आणि त्यावरचे दोन मजूर गेले. आमच्या बाजूला कुणीतरी बसले होते. त्यांच्या बाजूला कुणी नव्हते.

संध्याकाळी मागे फिरून गाठलेल्या ठाण्यात जबाब झाला. अधिकाऱ्याने विचारले, तुम्ही तिथे नेमके का थांबलात? मी तोंड उघडायच्या आतच रफिकभाऊ बोलले, “इंजिन गरम झालं होतं, साहेब. पानी टाकून राह्यलो होतो.” अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली आणि सही केली. जाणूनबुजून खोटी नोंद मी आयुष्यात प्रथमच केली.

बाहेर आल्यावर मी त्यांना जाब विचारला. ते विडी पेटवत म्हणाले, “त्या गावची शीव तिथं नाईच, मॅडम. नाल्यापाशी आहे, दीड कोस मागं. अन् यंदाचा पंडुम होऊन हप्ता झाला.”

“मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितले?”

“सांगतलं असतं त तुमी तिले इचारत बसल्या असत्या.” विडीची राख झटकून ते म्हणाले, “तिले जित्ती ठेवाची असन त आताबी इचारू नोका.”

रस्ता दोन दिवस बंद राहिला. नमुने गेले, आणि शिष्यवृत्तीही त्या वर्षापुरती गेली.

ती कोण होती? सुरुंग पेरणाऱ्यांपैकी कुणाची आई, जिला सारे कळले होते पण बोलता येत नव्हते आणि म्हणून तिने देवाची खूण पुढे केली? की माणसांपलीकडची आणखी कुणी? दोन्ही शक्यता माझ्यासमोर आहेत आणि त्यांतली एक निवडायला लागणारी माहिती मिळवणे मला अवघड नाही. पुढच्या हंगामात मी त्याच गावात महिनाभर राहिले. घरोघरी बोटे टोचून रक्त घेतले, नावे लिहिली, वये लिहिली. वृद्ध बायका समोर येत तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही; हात पुढे यायचा, मी हातच पाहायचे. हा एक प्रश्न मी सोडून दिला आहे. माझ्यासारखीला यापेक्षा मोठे समर्पण साधेल असे वाटत नाही.

आमचे घर बौद्ध; देवाजवळ काही मागायची रीत आमच्यात नाही. पण संध्याकाळी आईशेजारी वंदनेला बसते तेव्हा आधी त्या दोन मजुरांसाठी मन शांत करते, आणि मग जिचे नाव मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचेही नाही, तिला नमस्कार करते. ती कुठे असेल तिथे तिला कुणी काही विचारू नये, एवढीच माझी मंगलकामना असते.